डोणीतलं पाणी

सावळखेड, ता. उदगीर
११ मार्च १९८६

टँकरचा पाइप मी दोन्ही हातांनी धरून होतो, पाणी ड्रममध्ये पडत होतं, बायकांची ढकलाढकली चालली होती, तेवढ्यात पंचफुलाबाईने माझा दंड धरला. पाइप हलला. पाणी तिच्या पायांवर गेलं. मागून कुणीतरी शिवी दिली. ती सरकली नाही. म्हणाली, "मास्तर, मला बाप्तिस्मा द्या."

"पाऊस पडू द्या, आज्जे."

"पावसाचं मला सांगू नगा. मला त्यो दिसायचा न्हाई."

टँकरचा ड्रायव्हर गफूरभाई वरून ओरडला, "मास्तर, बुढ्ढी को बाजू करो, पानी जारा." मी तिला बाजूला केलं. ओल्या पायांनी ती ड्रमच्या सावलीत बसून राहिली. सगळ्यांचं पाणी भरून होईपर्यंत माझ्याकडे बघत होती.

दादा, हे पत्र तिच्यासाठी लिहीत नाही. बापूंच्या कबरीवरचा लाकडी क्रूस वाळवीने खाल्ला होता. गेल्या आठवड्यात नवा बसवला. थोरल्या मुलाला कळवायला हवं असं सुवार्ता म्हणाली, म्हणून बसलो. तिची तुमची भेट नाही. लग्नाला तुम्हाला बोलावलं नव्हतं. ती तुम्हाला नमस्कार सांगते.

इकडची हकीगत. दुसरं वर्ष कोरडं गेलं. आपल्या वस्तीची विहीर आटली, गावची आटली, माणिकप्पाच्या मळ्यातलीही आटली. माणिकप्पा तुम्हाला आठवत असेल, पारासमोरचा लिंगायत किराणावाला. लातूर वेगळा जिल्हा झाल्यापासून आपण त्याच्या शेवटच्या टोकाला पडलो आहोत. लातूरचे लोक म्हणतात, तुमचा रस्ता मुखेडहून येतो, मुखेडला सांगा. मुखेडवाले म्हणतात, तुम्ही आमच्या नांदेड जिल्ह्यात नाही. माणिकप्पा म्हणतो, "उस्मानाबादेत होतो तवा कुणीच ऐकनार न्हाई हे तरी पक्कं होतं."

सरकारी टँकर आला नाही. मग मिशनने पाणी सुरू केलं. जिथे आपल्या मंडळ्या आहेत त्या गावांना टँकर, शिवाय गव्हाची पोती. नांदेडहून साळवेसाहेब जीपने येऊन बघून जातात. त्यांचा नियम आहे की पाणी सगळ्या गावाला मिळालं पाहिजे. निम्मा टँकर गावच्या विहिरीत सोडायचा, निम्मा चर्चजवळच्या ड्रममध्ये. नियम चांगला आहे. मी तो पाळतो.

तुम्ही नांदेडला दुसऱ्या मंडळीत पाळक झालात हे ऐकून आहे. तिथे शिंपडून बाप्तिस्मा देतात. आपल्याकडे माणूस अख्खा पाण्याखाली जावा लागतो. हे तुम्हाला कशाला सांगतो आहे, माहीत नाही.

गफूरभाई गाडी चालू करतो आहे. मुखेडला पेटीत टाकायला त्याच्याजवळ देतो.

शमुवेल


सावळखेड
२० मार्च

उत्तर आलं नाही. मी मागितलंही नव्हतं.

पंचफुलाबाई कोण ते तुमच्या लक्षात नसेल. तिचा नवरा हलगी वाजवायचा. दोघं दर वर्षी माहूरला रेणुकेला चालत जायची. एकुलती मुलगी सगुणा आपल्या मंडळीत आली, तिने बाप्तिस्मा घेतला आणि पहिल्या बाळंतपणात गेली. ती आपल्या कबरस्थानात आहे, बापूंच्या रांगेत. तेव्हापासून पंचफुलाबाई दर रविवारी चर्चला येते आणि दारात बसते. आत ये म्हटलं की म्हणते, चप्पल चोरीला जाईल. तिच्याकडे चप्पल नाही.

आता तिच्या पोटात गाठ आहे. उदगीरच्या डॉक्टरने हात लावून पाहिलं आणि घरी न्या म्हणून सांगितलं. तिला सगुणाशेजारी जागा हवी आहे, दुसरं काही नाही. आपल्या कबरस्थानात बाप्तिस्मा झालेल्यालाच पुरतात. नियम बापूंनी घातला. किशनराव तो सांभाळतात. ते आता मंडळीचे पंच आहेत.

मी तिला म्हणालो, गफूरभाईच्या गाडीतून नांदेडला जाऊ, गोदावरीत पाणी आहे. ती म्हणाली, "गाडीत मेले तर मला नांदेडातच टाकताल. माझी लेक हितं हाय."

गेल्या रविवारी मंडळी बसली. कुणी म्हणालं, टँकरचं झाकण उघडून तिला आत सोडू. गफूरभाई हात जोडून म्हणाला, "नक्को बाबा. फिर वो पानी कौन पीता? मेरेकू मारते लोगां."

किशनराव म्हणाले, "देवाचं काम अर्ध्या पान्यात होत न्हाई. मी बुडालो तवा तिरू नदीला पूर होता. दोघांनी धरलं होतं मला. पुरा आत गेलो म्हनून पुरा भाईर आलो."

कोंडाबाई म्हणाली, "तवा पानी फुकट होतं, किशनराव."

शेवटी असं ठरलं की वस्तीतल्या प्रत्येक घराने आपल्या वाट्यातली एक घागर द्यायची. व्यासपीठासमोरचं बाप्तिस्म्याचं कुंड भरायचं. तुम्हाला ते आठवतं ना, वरून फळ्या टाकलेलं? दुष्काळ पडल्यापासून आम्ही त्यात मिशनच्या गव्हाची पोती ठेवत होतो. कोरडी, थंड, कुलपातली जागा. पोती वर काढली, कुंड झाडलं.

काल घागरी आल्या. कुणी कुरकुर केली नाही. एकेक बाई येऊन ओतत होती आणि रिकामी घागर काखेला लावून भिंतीशी उभी राहत होती. पंचफुलाबाई सुवार्ताचं पांढरं लुगडं नेसून पायरीवर बसली होती. मी बाहीची बटणं काढत होतो. पाणी घोट्याएवढं झालं. आणखी घागरी पडल्या. पाणी घोट्याएवढंच राहिलं.

मग कोपऱ्यात बुडबुडे दिसले.

गव्हासाठी उंदीर आले होते. त्यांनी कुंडाच्या तळाला, फरशीच्या सांध्यांतून, पार खाली मातीपर्यंत बिळं केली होती. आम्ही पोती मोजत होतो, तळ कुणी पाहिला नव्हता. मी आत उतरलो आणि बिळावर टाच दाबून धरली. पाणी दुसरीकडून गेलं. किशनरावांनी खांद्यावरचं उपरणं कोंबलं. तेही ओढल्यासारखं आत गेलं. बघता बघता तळ दिसायला लागला.

पंचफुलाबाई पायरीवरून वाकून बघत होती. म्हणाली, "जाऊ द्या. उंदराचा बाप्तिस्मा झाला."

कुणी हसलं नाही. मग कोंडाबाई हसली आणि हसता हसता रडायला लागली. राहिलेला चिखल बायकांनी वाट्यांनी भरून नेला, शेळ्यांना.

सुवार्ताने संध्याकाळचं पीठ शेजारणीकडच्या पाण्यात भिजवलं. ते उसनं आहे. ती माझ्याशी बोलत नाही. दोनदा उठलो लिहिता लिहिता, दोनदा चर्चमध्ये जाऊन कुंड पाहून आलो. त्यात काय पाहायचं आहे?

शमुवेल


सावळखेड
२७ मार्च

उद्या उत्तम शुक्रवार. येशूच्या क्रूसावरच्या सात वचनांवर बोलायचं आहे. "मला तहान लागली आहे" यावर मी बोलणार नाही, ते किशनरावांना दिलं आहे.

आता सरळ लिहितो. मागच्या दोन पत्रांत हेच लिहायचं होतं.

दादा, तुम्ही या आणि तिला बाप्तिस्मा द्या.

बहात्तरच्या दुष्काळात खडी केंद्रावर तो माणूस हगवणीने मरत होता, तेव्हा तुम्ही त्याच्या डोक्यावर लोटाभर पाणी घातलं आणि त्याला मंडळीत घेतलं. मिशनने तुम्हाला काढलं. बापूंनी त्या दिवसापासून तुमचं ताट वाढू दिलं नाही. तुमचं मंडळीचं काम मला मिळालं, हे घरही मिळालं. हे तुम्हाला ठाऊक आहे. बापू बरोबर होते की तुम्ही, हे मला विचारू नका. मी त्यावर रोज बाजू बदलतो.

पण आता तुम्ही दुसऱ्या मंडळीचे पाळक आहात. तुमच्याकडे शिंपडलेलं चालतं. तुम्ही दिलात तर तो बाप्तिस्मा होईल आणि आपल्या मिशनचा नियमही मोडणार नाही, कारण देणारा मिशनचा नसेल. कबरस्थानाच्या नियमात "बाप्तिस्मा झालेला" एवढंच आहे. कसा झालेला, ते बापूंनी लिहिलं नाही. किशनरावांच्या मी ते गळी उतरवीन.

बाजाराच्या दिवशी या. मी मुखेडला गेलेला असेन. साहेबांनी विचारलं तर मला खोटं बोलावं लागणार नाही. तुम्हाला जेवण सुवार्ता देईल. मी परत यायच्या आत तुम्ही निघालात तरी मला राग नाही.

सुवार्ताने हे वाचलं. म्हणाली, "तुम्ही भावाला बोलावून राहिलात का गवंड्याला?" मी म्हणालो, तुला काय कळतं त्यातलं. ती म्हणाली, "मला एवढं कळतं, की चौदा वर्षांनी माणूस दारात येणार आन् तुम्ही घरी नसणार."

तरी पत्र पाठवतो आहे. पंचफुलाबाई काही खात नाही. ताक मिळालं तर पिते, आणि ताक कुठे मिळतं?

शमुवेल


सावळखेड
८ एप्रिल

तुमचं कार्ड मिळालं. मला मिळायच्या आधी ते गावाला मिळालं. पोस्टमन चंद्रप्पा कार्डं वाचतोच. त्याने ते माणिकप्पाच्या दुकानात चहा पिताना मोठ्याने वाचलं. "येत नाही. लोटा तुझ्या घरात आहे. सुवार्तास आशीर्वाद. देविदास."

मी दुकानात मीठ आणायला गेलो, तर माणिकप्पा गंभीर तोंड करून म्हणाला, "मास्तर, लोटा लागत असंल तर माझ्याकडं बी हाय. पितळी दाखवू का जर्मनचा?"

दुकानातले सगळे हसले. मी मीठ घेतलं नाही.

तुम्हाला हे लिहायला काही लागत नाही. तुमच्या डोक्यावर मिशनचं छप्पर नाही. ते एकदा गेलं आणि तुम्ही मोकळे झालात. नांदेडला बसून माणूस कार्डावर काहीही लिहितो. मी इथे लोटा उचलला तर कुणाच्या पोटातलं काढणार आहे ते तुम्ही पाहिलं आहे का? सुवार्ताला सहावा महिना आहे. हे मी आधी कळवलं नव्हतं.

हा राग लिहून झाला. आता पुढचं.

मी दुकानातून निघालो तेव्हा पंचफुलाबाई बाहेर ओट्याच्या कडेला बसली होती. तिथवर ती कशी आली, देव जाणे. माणिकप्पाच्या वाड्याच्या भिंतीला लागून गुरांना पाणी पाजायची दगडी डोण आहे, तिच्याकडे बोट करून ती म्हणाली, "मास्तर, त्या डोणीत मी मावते."

माणिकप्पा आतून म्हणाला, "काय म्हनून राहिली म्हातारी?"

"म्हनून राहिले, तुमची डोण मी सारा जल्म घासली. आत झोपून घासायची, हात पुरायचा न्हाई म्हनून. आंग मावतं माझं. आता तर लईच मावंल."

"आन् पानी?"

"बैलाचंच. रोज सकाळी भरता तेच. मी उठले का बैल पितील. थेंब जात न्हाई कुनाचा."

माणिकप्पा लांबच्या एका खाणीतून गाडीवर टिपाड घालून बैलांसाठी पाणी आणतो. ते पाणी माणसाने पिण्यासारखं नाही. टँकरचं नाही. कुणाच्या वाट्याचंही नाही. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कुणाच्याच आलं नव्हतं.

माणिकप्पा बाहेर आला. त्याने डोणीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "आन् बैल बाटले म्हंजे?"

"तीस वर्सं त्यांचं शेन मी काढलं. तवा न्हाई बाटले."

"ते तुला बाटले न्हाईत. तुज्या देवाला बाटतील का न्हाई, त्याचं इचारतो."

"मंग बैलालाच इचारा."

त्याने कपाळावरचं भस्म पुसल्यासारखा हात फिरवला. म्हणाला, "घरात इचारतो." म्हणजे शरणम्माला, त्याच्या बायकोला.

किशनरावांना हे सांगितलं. ते म्हणाले, "बैलाच्या उष्ट्या डोणीत?" मग म्हणाले, "आंग पुरं बुडत असंल तर मी आडवा येनार न्हाई. पन पुरं. मी उभा ऱ्हाऊन बघनार."

साहेबांनी ऐकलं असतं तर त्यांनी बेथलेहेमच्या गव्हाणीचा दाखला दिला असता. मी कुणालाच दिला नाही. मला त्या डोणीची लांबी मोजायची होती. अंधार व्हायच्या आत जाऊन ती पावलांनी मोजून आलो. लांबी पुरते. खोलीची खात्री वाटत नाही.

शमुवेल


सावळखेड
१५ एप्रिल

परवा रविवारी झालं.

शरणम्मा हो म्हणाली. अट एकच घातली, की नंतर डोण धुवायला म्हणून कुणी पाणी मागायचं नाही. सकाळी आम्ही पंचफुलाबाईला बाजेवर घालून नेलं. वस्तीतले लोक आले, गावातलेही आले, ते भिंतीपलीकडून बघत होते. माणिकप्पा टिपाडातून डोण भरत होता, तेवढा वेळ शरणम्मा बाजेशी येऊन बसली. दोघी एका वयाच्या. शरणम्माने विचारलं, "बाई, तुमच्यात निजवून पुरतेत का बसवून?"

"निजवून."

"आमच्यात बसवतेत."

"बसून कंटाळा येत नसंल?"

शरणम्मा पदर तोंडावर धरून हसली. "कुनी परत येऊन सांगितलं न्हाई."

माणिकप्पाने डोण काठोकाठ भरली. मी म्हणालो, थोडं कमी करा, ती आत गेल्यावर सांडेल. तो म्हणाला, "सांडू दे." मग त्याला वाईट वाटलं असावं, त्याने एक बादली परत काढली.

कोंडाबाईने आणि मी तिला उचललं. वजन नव्हतं. पाणी गार होतं, ती शहारली. मी तिला विचारायचं ते विचारलं, विश्वास आहे का, पापाचा पश्चात्ताप आहे का. ती म्हणाली, "हाव. लौकर करा." मी तिला मागे झोपवलं. खांदे गेले, छाती गेली, कान गेले. केस पाण्यावर पसरले. डोणीचा डोक्याकडचा भाग उथळ आहे, दगड तिथे वर चढत जातो. कपाळ बाहेर राहिलं.

मी दाबलं. तिचे गुडघे वर आले. गुडघे दाबले तर पोटावर ताण येऊन ती कण्हली.

किशनराव माझ्या मागेच उभे होते. हळू म्हणाले, "कपाळ. कपाळ राह्यलं, मास्तर."

मी दुसऱ्यांदा दाबलं. तिने माझं मनगट धरलं. ओढलं नाही, नुसतं धरलं. तिच्या पोटातली गाठ माझ्या कोपराला लागत होती. मी हात काढून घेतला.

डोणीच्या काठावर एक लोटा होता. तो मी पाण्यात बुडवला आणि पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने तिच्या कपाळावर ओतला. तेच पाणी. कोरडा राहिलेला भाग ओला झाला. तेवढंच मी केलं. लोटा शरणम्माचा होता हे नंतर कळलं. तुमचं कार्ड मला त्या वेळी आठवलं नाही, असं लिहिलं तर तुम्हाला पटणार नाही, म्हणून लिहीत नाही.

लोक आमेन म्हणाले. किशनराव म्हणाले नाहीत.

तिला बाजेवर घेतलं, शरणम्माने वरून घोंगडी टाकली. मग माणिकप्पाने बैल सोडले. सगळं गाव थांबलं होतं ते यासाठीच. थोरल्या बैलाने हुंगलं आणि प्यायला लागला. धाकट्याने तोंड लावलं, फुरफुरला आणि मागे सरला. माणिकप्पा म्हणाला, "घ्या. एक किरिस्ताव झाला, एक आमच्यातच राह्यला. आता जोडी जुंपायची कशी?" धाकटाही नंतर प्यायला. पण तोवर गोष्ट गावभर झाली होती.

आज साहेबांची जीप आली. त्यांच्या कानावर मुखेडलाच गेलं होतं. ते आधी तिच्या झोपडीत गेले, वाकून आत शिरले, जमिनीवर बसले. चांगला माणूस आहे. तिला म्हणाले, "आजी, तुम्ही पूर्ण पाण्याखाली गेला होतात ना?"

ती म्हणाली, "डोळे मिटले होते साहेब. मला काय म्हाईत. मास्तरांनी जसं घातलं तशी गेले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं हो म्हणायचं होतं. किशनराव दारात उभे होते. तेही काही बोलले नसते असं मला वाटतं. मी म्हणालो, "कपाळ राहिलं होतं. त्यावर लोट्याने घातलं."

साहेब उठून बाहेर आले. जीपला हात टेकून म्हणाले, "शमुवेलराव, हे तुम्ही मला सांगायला नको होतं. आता मी ऐकलं आहे. ऐकल्यावर मला काही करावं लागतं." त्यांचा आवाज चढला नाही. मेच्या शेवटी माझ्या जागी दुसरा माणूस येईल. घर तोवर रिकामं करायचं. पंचफुलाबाई मंडळीत धरली जाणार नाही. कबरस्थानाचं काय ते पंचांना माहीत आहे.

किशनराव खाली बघत म्हणाले, "हाव, साहेब."

"टँकर येत राहील," साहेब म्हणाले. "त्याचा याच्याशी संबंध नाही." जीपमध्ये बसल्यावर त्यांनी सुवार्ताची प्रकृती विचारली. मी बरी आहे म्हणालो.

जीप गेल्यावर मी किशनरावांना थांबवलं. म्हटलं, माझं जाऊ द्या, तिचं काय. ते म्हणाले, "मला नियम इचारू नगा मास्तर. नियम मला पाठ हाय." आणि चालायला लागले.

मी तिला जाऊन हे सांगितलं नाही. तिने विचारलं, "झालं ना आता?" मी झालं म्हणालो. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. तिथून निघून मी चर्चमध्ये गेलो, घरी आलो, परत बाहेर पडलो. आता पारावर बसून लिहितो आहे.

कपाळ बाहेर राहिलं म्हणजे माणूस बाहेर राहिला का? हा प्रश्न मी साहेबांना विचारला नाही, तुम्हालाही विचारत नाही. तुमचं उत्तर मला ठाऊक आहे आणि बापूंचंही. मधलं उत्तर असलेला माणूस मला कुठे भेटला नाही.

घर सोडल्यावर कुठे जायचं ते ठरलेलं नाही. सुवार्ताचं माहेर मुरुडला आहे, तिथेही पाण्याची हीच तऱ्हा. मी नांदेडला येईन असं समजू नका. येणार नाही असंही समजू नका.

शमुवेल


१६ एप्रिल, दुपार

पत्र टाकायचं राहिलं होतं, म्हणून खालीच लिहितो.

पंचफुलाबाई आज पहाटे गेली. उजाडल्यावर मी किशनरावांच्या घरी गेलो. काय बोलायचं ते वाटेत जुळवत होतो. ते घरी नव्हते. त्यांची बायको म्हणाली, कोंडाबाई येऊन सांगून गेली तशी कुदळ घेऊन गेलेत. ते कबरस्थानात सापडले, सगुणाच्या शेजारी. खड्डा गुडघ्याएवढा झाला होता. जमीन फार कडक आहे. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "पहार आना." मी पहार आणली. ऊन चढायच्या आत तिला पुरलं.